उलाळ

ट्रॉली लांब करायचं ठरलं ते आभाळामुळं.

मळणी उरकली होती. निम्मं भात घरात आलं होतं, चार पोती आणि सगळं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, अजून खळ्यावर पडून होतं. डिसेंबर लागला तरी थंडीचा पत्ता नव्हता. सकाळी घाटाच्या बाजूनं ढग यायचे आणि दुपारपर्यंत डोक्यावर येऊन बसायचे. पिंजर एकदा भिजलं की काळं पडतं, मग म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. तुकारामाचं शेत ओढ्याच्या पलीकडे आणि घर अलीकडे. मधे डांबरी रस्त्याचा लांबच लांब उतार. ट्रॉलीच्या एका खेपेत मावायचं ते किती?

"मागनं वाढवूया," महेश बापाला म्हणाला. "दोन हात वाढली तर खेपा कमी हुतील. समदीच वाढवाय लागल्यात."

तुकारामानं आभाळाकडं बघितलं आणि मान हलवली.

रामनगरला गोव्याच्या रस्त्यावर यशवंतचं वेल्डिंगचं दुकान होतं. हात चांगला. त्यानं मारलेला टाका सुटला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. महेश ट्रॉली घेऊन गेला तेव्हा त्याची बायको केशरही बाजाराला म्हणून त्याच्याबरोबर गेली होती. बाजार झाल्यावर ती पिशवी घेऊन दुकानापुढं उभी राहिली. यशवंतनं ट्रॉलीच्या साट्याला मागच्या अंगाला लोखंडी चॅनेल जोडले, त्यावर पत्रा ठोकला, चारी बाजूंनी उंच पाइप उभे केले. ठिणग्या उडत होत्या. केशर पदर डोळ्यांपुढं धरून त्याच्या आडून बघत होती.

"चाकं हायत तितंच ऱ्हानार?" तिनं विचारलं.

यशवंतनं तोंडापुढची काच वर केली. "मग? चाकं काय म्हंत्यात वैनी? चाकं घट्ट हायत."

दुकानातले दोघं-तिघं हसले. महेशचे कान लाल झाले. केशरला ही खोडच होती. लग्न करून आली त्याच वर्षी तिनं पंपाचा पाइप शेवाळतो कशानं हे बघायला तो मधोमध उघडून ठेवला होता. सासू अनुसया तेव्हापासून तिला 'आमची तपासनीस' म्हणायची.

"आनि मागचा दिवा?" केशर म्हणाली. "त्यो पत्र्याखाली गेला की. नंबरबी."

"बसवतो नंतर. आधी पिंजर आना जावा."

*

दुसऱ्या दिवशी खळ्यावर ट्रॉली लागली. खालचं पिंजर दवानं ओलसर आणि जड झालं होतं. ते मागच्या नव्या भागात रचलं, कारण पुढचा भाग आधीच भरला होता. त्याच्यावर कोरडं रचत रचत गंजी पाइपांच्याही वर गेली. राहिलेली चार पोती शेवटी मागच्या टोकाला टाकली. घरी गेल्यावर पोतीच आधी उतरायची होती. दोर आवळले. पिंजर सरकू नये म्हणून अनुसया आणि शेजारची अंकिता मागं, पोत्यांच्या वर जाऊन बसल्या. केशर कोयते आणि उरलेला दोर घेऊन मागून चालत निघाली.

सपाटीला सगळं ठीक होतं. अनुसया वरून ओरडून अंकिताला काहीतरी सांगत होती आणि हसत होती.

उतार लागला तसा ट्रॅक्टरचा आवाज बदलला. केशरला मागून दिसलं ते एवढंच, की ट्रॉलीचं ढुंगण खाली बसलं. मग ते डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, परत डावीकडं. ओल्या कुत्र्यानं अंग झाडावं तसं. महेश स्टेअरिंगवर ओणवा झाला होता. ट्रॅक्टरची मोठी चाकं फिरायचं सोडून डांबरावर घासत चालली होती. वळणावर केशरला ट्रॉलीची दांडी बाजूनं दिसली. ती ट्रॅक्टरच्या हुकात वरच्या बाजूला अडकून ताणली होती, जणू कुणी ट्रॅक्टरला शेपटीला धरून उचलत होतं.

दोर तुटला. गंजी एका अंगाला कलंडली आणि तिच्याबरोबर दोघी बायका. अंकिता पिंजरावर पडली. अनुसया रस्त्याकडेच्या चिऱ्यावर पडली.

ओढ्याच्या सपाटीला आल्यावर ट्रॅक्टर आपोआप थांबला. महेश उतरून धावत आला तेव्हा अनुसया उठून बसली होती. उजवा हात तिनं डाव्या हातानं पोटाशी धरला होता आणि तोंड पांढरंफटक झालं होतं.

"पिंजर उचला," ती म्हणाली. "पाऊस येतोय."

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बेळगावला नेऊन आणलं. तोवर पाऊस येऊन गेला होता आणि रस्त्यावर सांडलेलं पिंजर काळं पडून डांबराला चिकटलं होतं.

*

अनुसयाला वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. केशर तिचे केस विंचरायची तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची.

तुकाराम एकच म्हणत होता, "उताराला ब्रेक मारलास एकदम. पोरगं मोबाइलमधी असनार."

"एकदम मारला न्हाई ओ बाबा. मोबाइल खिशात हुता."

"मग ट्रॉली काय आपली आपन नाचली?"

महेश उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून त्यानं ट्रॅक्टरला हात लावला नाही. किल्ली देवळीत पडून राहिली. उरलेलं पिंजर तो डोक्यावरून आणू लागला. उतारावर लोक थांबून बघायचे. ते बघणंच त्याला जास्त लागायचं.

केशरच्या डोक्यात मात्र ती दांडी होती. वर कशानं ताणली? ओझं तर खाली दाबतं.

"आत्ती," एकदा केस विंचरताना तिनं विचारलं, "पडायच्या आधी तुमास्नी काय वाटलं?"

अनुसयानं डोळे उघडले. कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. दुखतंय का, एवढंच सगळे विचारत होते.

"पाळन्यात बसल्यागत वाटलं बग," ती म्हणाली. "मागं खाली जायाचं, वर यायाचं. बरं वाटत हुतं पयल्यांदा. मी म्हनलं बी अंकिताला."

दुपारी केशर गोठ्यामागं गेली. तिथं जुनी बैलगाडी होती. बैल विकल्यापासून तिच्यावर मिरच्या वाळत घालत. केशरनं मिरच्या काढल्या. भाताचं एक पोतं ओढत आणून साटीच्या पुढच्या भागात ठेवलं. जू जमिनीवर टेकून होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं पोतं मागं ओढलं. चाकाच्या मागं गेलं तसं जू हळूच जमिनीवरून सुटलं. ती पोत्याच्या पलीकडे मागच्या टोकावर बसली मात्र, जू ताडकन आभाळात गेलं आणि केशर पोत्यासकट खाली आली.

आवाज ऐकून तुकाराम आला.

"काय कराय लागलीस गं?"

"मामा, हे वर कशानं गेलं?"

"आगं उलाळ झाली गाडी. मागं भार टाकल्यावर आनि काय हुनार? असं भरलं की बैलांचा गळा आवळतोय जोत्यात. पाय उचलत्यात, घुसमटत्यात. म्हनून गाडी भरताना आधी आखाच्या फुडं—"

तो थांबला. त्याचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यानं वळून अंगणात उभ्या असलेल्या ट्रॉलीकडं बघितलं. लांब केलेला पत्रा चाकाच्या कितीतरी मागं आला होता.

जन्मभर त्यानं गाड्या भरल्या होत्या. कुठलं पोतं कुठं ठेवायचं हे त्याच्या हातांना डोळे मिटून कळायचं. पण ट्रॉली आली तेव्हापासून ती भरायचं काम पोराचं, असं त्यानं धरलं होतं. इंजिन ओढतंय, त्याला काय, असं.

"बैल निदान हंबरतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्याला गळा न्हाई. सांगनार कसं?"

महेश दारात उभा राहून ऐकत होता.

"म्हंजे ब्रेक न्हवं," तो म्हणाला. "ट्रॅक्टरची मागची चाकं उचलली. म्हनून धरली न्हाईत."

"ब्रेकची चूक न्हवती तुमची," केशर म्हणाली. "वाढवायचं तुमीच म्हनलासा, ते हाय."

"मी मान हलवली," तुकाराम म्हणाला.

आतून अनुसयाचा आवाज आला, "आदी त्या मिरच्या उचला कुनीतरी."

*

यशवंतला पटलं नाही.

"पाइप न्हाई मोडला, टाका न्हाई सुटला," तो म्हणाला. "माझ्या कामात काय वाईट हाय दावा. लोकांनी कशाबी भरायचं आनि..."

"काम वाईट न्हाई," केशर म्हणाली. "बगूया तरी."

तिघांनी मिळून ट्रॉली दुकानापुढच्या सपाटीवर उभी केली. चाकांना पुढून-मागून दगड लावले. दांडी लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पिन काढली आणि महेशनं ट्रॅक्टर पुढं नेला. दांडी उडाली तर कुणाला लागू नये म्हणून मागच्या पत्र्याखाली, थोडी फट ठेवून, दुसरा ठोकळा उभा केला. शेजारच्या दुकानातली सिमेंटची पोती उसनी आणली. पहिली काही पोती पुढं, काही चाकांवर. दांडी घट्ट. मग महेश एकेक पोतं नव्या भागात टाकू लागला.

यशवंत तंबाखू मळत उभा होता. एक पोतं पडलं, काही नाही. आणखी एक पडलं, ठोकळ्यावर दांडी किंचित खसखसली. केशरनं वाकून ठोकळा आणि दांडीच्या मधे बोट घातलं. बोट आत गेलं.

"काढ बोट!" यशवंत ओरडला.

पुढचं पोतं पडलं. लोखंडाची ती जड दांडी, जी उचलायला दोन माणसं लागायची, ती कुणी हात न लावता वर आली आणि मागचा पत्रा ठोकळ्यावर बसला.

यशवंतची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. तो दांडीजवळ गेला आणि एका बोटानं तिला हलवून बघितलं. ती तराजूसारखी खालीवर झाली.

"मी कधी भरून बगितलीच न्हाई," तो म्हणाला. "माझ्याकडं रिकामी येती, रिकामी जाती."

त्यानं त्याच दिवशी वाढवलेला भाग कापून काढला. उंच पाइप काढले. दांडीला मधे एक जुना टाका होता, कुणीतरी मोडल्यावर मारलेला. तो त्यानं बराच वेळ निरखला आणि म्हणाला की ह्यावर परत टाका मारणार नाही, दांडीच नवीन घाला. पिनेला वर उडू नये म्हणून कडी लावली. पिन निघालीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून एक साखळी लावली. मागं दोन्ही बाजूंना लाल दिवे, इंडिकेटर, नंबर, आणि लाल-पांढऱ्या रेडियमच्या पट्ट्या.

मग ट्रॉली दांडेलीला पासिंगला नेली. तपासणाऱ्या बाई कन्नडमध्ये सुरुवात करून मराठीवर आल्या. त्यांनी टेपनं लांबी-रुंदी मोजली, दिवे लावून बघितले, वाकून पिन हलवली. केशर त्यांच्या मागून फिरत होती.

"बाई, आमी वाढवली हुती तशीच आनली असती तर?"

"परत पाठवली असती. कागदावर जेवढी आहे तेवढीच रस्त्यावर पाहिजे. बदल करायचा तर आधी परवानगी."

"असं का?"

बाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. असं विचारणारं माणूस त्यांना रोज भेटत नसावं.

"बनवणारे आख कुठं बसवायचा, ब्रेक केवढा लागेल, हे त्या लांबीवर ठरवतात. तुम्ही लांबी बदलली की ते सगळंच चुकलं."

"आनि मानसं बसवायची न्हाईत, ते?"

"ट्रॉलीत माल. माणसं नाहीत. शेतावर जाताना पण नाही, लग्नाला पण नाही. समजलं?"

केशरला सासूचा गळ्यात बांधलेला हात आठवला. "समजलं," ती म्हणाली.

*

ट्रॉली घरी आली. पिंजराच्या खेपा जास्त झाल्या, पण झाल्या. बायका चालत येऊ लागल्या आणि पहिले काही दिवस त्यांनी केशरला वाटभर शिव्या घातल्या.

जानेवारी लागल्यावर एका सकाळी यशवंत आपली पिकअप घेऊन दारात आला. चहा पुढं आला तरी तो घेईना.

"आनि तीन वाढवल्यात मी," तो म्हणाला. "झोप येईना झाली. एक खानापूरला गेलेली, तिथल्या पावन्याला फोन केला, त्यानं कापून घेतली. एक हितल्याच गोपाळची. त्यो शिव्या देत आला, पन आला. तिसरी दिग्गीच्या लाडूची. तिथं फोन लागत न्हाई. आनि उद्या जोयड्याला गड्ड्यांचा, कंदमुळांचा मेळा. आज समदा माल खाली उतरवनार त्यो."

महेश आत गेला, पिकअपमध्ये घालायला जॅक आणि दोर घेऊन आला. केशरनं सासूकडं बघितलं.

"जा," अनुसया म्हणाली. "माझ्यागत आनि कोन पडू नको."

जोयडा मागं पडलं तसा रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना रान, मधेच एखादं भाताचं खाचर, एखादं कौलारू घर. घाटाच्या मधल्या सपाट वळणावर त्यांना वरून ट्रॅक्टरचा आवाज आला. यशवंतनं पिकअप कडेला घातली आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

लाडू ट्रॅक्टर थांबवून वाकून बघू लागला. काळा, काटक, डोक्याला टॉवेल. मागं ट्रॉली कोनफळं, कणगं, मुडली असल्या कंदांच्या पोत्यांनी भरलेली. वाढवलेल्या भागात आणखी पोती, आणि त्यांच्यावर सात-आठ बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या.

"काय रे यशवंता, वाट कशाला अडयलीस? मेळ्यात जागा गावची न्हाई मागीर."

"लाडूदा, जरा थांब. मानसं उतरव. माझ्या कामात चूक झालीय."

"मोडलां खंय? चांगलां हाय की!"

"मोडलं न्हाई. तेच तर."

लाडूला काही कळेना. बायका कुजबुजू लागल्या. केशर पुढं झाली आणि तिनं हुकाकडं बोट केलं. दांडीचं कडं हुकाच्या वरच्या अंगाला टेकलं होतं, खाली फट होती. तिनं कडेची गवताची काडी उपटली आणि त्या फटीतून आरपार घातली.

"दादा, ही दांडी ट्रॅक्टरवर बसली पायजे. ही ट्रॅक्टरला उचलाय लागलीय. फुडं उतार हाय. माझी सासू अशीच पडली."

लाडू खाली उतरला. काडीकडं बघितलं. महेशनं तोवर चाकांना दगड लावले होते. यशवंतनं मागच्या पत्र्याखाली ठोकळा सारला.

"आता एकेक उतरा," केशर बायकांना म्हणाली. "सावकाश."

एक उतरली. दुसरी उतरली. काडी फटीत तशीच होती. लाडू आता उकिडवा बसून तिच्याकडंच बघत होता. शेवटी राहिली ती लाडूची बायको, सुनयना. मांडीवर पोराएवढं कोनफळ. गेल्या वर्षी मेळ्यात तिच्या कोनफळाचं नाव झालं होतं, ते ती कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. महेशनं तिला हात दिला आणि ती कोनफळासकट जमिनीवर उतरली.

खण्ण करून दांडी हुकात खाली बसली. काडी चेचली गेली.

लाडूनं चेचलेली काडी ओढून काढली, बोटांत फिरवली आणि टाकून दिली. मग तो ट्रॉलीवर चढला आणि मागची पोती एकेक करून पुढं ओढू लागला. महेश आणि यशवंत त्याला लागले. जी पुढं बसेनात ती पिकअपमध्ये टाकली.

"मेळा झाल्यावर मी येतो," यशवंत म्हणाला. "हितंच येऊन कापतो. मागं दिवेबी बसवतो."

"ये," लाडू म्हणाला. "जेवाक ये."

बायका घाट चालत उतरू लागल्या. खाली फाट्यावर त्यांना बस मिळणार होती. ट्रॅक्टर पुढं गेला, त्याच्या मागून पिकअप. केशर सुनयनेबरोबर चालली होती. सुनयनेला सगळं जाणून घ्यायचं होतं. पडल्यावर सासूचं कुठलं हाड मोडलं, हात कधी सुटणार, आणि ही गोष्ट पहिल्यांदा सुचली कुणाला. केशर सांगत होती. बैलगाडीवरून पडल्याचं सांगितलं तेव्हा बायका रस्त्यात थांबून हसल्या.

एका वळणावर आल्यावर त्यांना खालचा सगळा उतार दिसला. लाडूचा ट्रॅक्टर निम्म्यावर पोचला होता. तेवढ्यात खालच्या वळणातून दिग्गीला जाणारी बस वेगानं वर आली आणि त्याच्या समोरच निघाली.

लाडूनं ब्रेक मारला. मोठी चाकं जागच्या जागी धरली. मागची ट्रॉली एकदा हिसकली आणि ट्रॅक्टरच्या मागं सरळ रेषेत उभी राहिली. बसचं तोंड आणि ट्रॅक्टरचं तोंड यांच्यामधे एक माणूस जेमतेम मावलं असतं. डाव्या अंगाला दरी होती.

सुनयना रस्त्याच्या कडेला खाली बसली. कोनफळ तिनं मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात.

"जरा बसतां," ती म्हणाली.

केशरही तिच्याशेजारी बसली. बाकीच्या बायकाही एकेक करून बसल्या, टोपल्या बाजूला ठेवून. खालून बसचा ड्रायव्हर कन्नडमध्ये आणि लाडू आपल्या भाषेत एकमेकांना शिव्या देत असल्याचा आवाज येत होता. दोघांचेही आवाज चांगले खणखणीत होते. बायका बराच वेळ ते ऐकत बसून राहिल्या.